विमानतळापासून दहा मिनिटं

नवी मुंबईत प्रत्येक नवी इमारत विमानतळापासून दहा मिनिटांवर असते. उलव्याहून दहा, करंजाड्याहून दहा, द्रोणागिरीहूनही दहाच. केंद्राची मान्यता मिळाली २००७ साली, पहिलं प्रवासी विमान उडालं २०२५ च्या नाताळात. मधल्या काळात अंतर तसूभर वाढलं नाही. वाढला तो भाव.

माझ्या भाच्याला गुंतवणुकीचं वारं लागल्यापासून रविवारी आमची साईट व्हिजिट असते. तो मोबाइलवर हप्ता मोजतो, मी फुकटची कोल्ड कॉफी पितो. सॅम्पल फ्लॅट नीट बघावा. आतल्या खोल्यांना दारंच नसतात, त्यामुळे जागा ऐसपैस वाटते. पलंग इतका आखूड की मी आडवा झालो असतो तर पाय पॅसेजमध्ये आले असते. टेकायला गेलो, तोच विक्रीवाली मुलगी धावली, "सर, प्लीज, बसू नका." कपाट उघडलं, ते कपाट नव्हतं, नुसतं दार होतं.

पूर्वी जिना, लिफ्ट, लॉबी यांचाही वाटा आपल्याच माथी मारून विकत. २०१७ साली महारेरा आलं आणि कार्पेट एरिया कागदावर लिहिणं भाग पडलं. रेरा नंबर टाकला की पझेशनची तारीख साईटवर दिसते. भाच्यानं ती पाहिली आणि ब्रोशरमधल्या तारखेशी ताडली. तेवढ्यापुरतं मला त्याचं कौतुक वाटलं.

मग त्याला कळलं, की जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली.

"मामा, मग आपण मालक कशाचे?"

"हप्त्यांचे," मी म्हणालो.

बाहेर टपरीवर चहा पिताना त्यानं तिथल्या आजोबांना विचारलं, इथं पैसे घालावेत का? आजोबा गावातलेच. १९८४ साली सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेल्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, त्यानंतर कुठे जमीन गेलेल्यांच्या पदरात साडेबारा टक्के भूखंडांची योजना पडली, हे त्यांना कुणी शिकवायला नको. टॉवरकडे हनुवटी उडवून म्हणाले, "आमची भातशेती होती इथं. चांगली पिकायची." आणि कप विसळायला घेतले. भाच्यानं याचा अर्थ 'लोकेशन उत्तम' असा लावला.

सध्या त्यानं एवढंच पक्कं केलंय, की घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेव्हापासून तो आईला रोज फोन करतो, गुडघे कसे आहेत विचारतो. ताई म्हणते, पोरगं सुधारलं.