नाक कापलेली फळी

सर्फिंग करणारी माणसं मोकळ्या मनाची असतात, ही समजूत सर्फिंग न करणाऱ्यांनी पसरवलेली आहे. वाढलेले केस, अनवाणी पाय, लाटा चांगल्या असल्या की ऑफिसला दांडी, हे सगळं खरं. पण याच माणसासमोर जरा वेगळ्या आकाराचा बोर्ड नेऊन ठेवा. चातुर्मासात ताटात कांदाभजी पडल्यासारखा तो मागे सरकतो. बोर्डाला टोकदार नाक पाहिजे, शेपटीकडे तो निमुळता होत गेला पाहिजे आणि खाली माशाच्या कल्ल्यांसारख्या तीन फिन पाहिजेत. यात फेरफार करणारा धर्मबुडवा.

माझा बोर्ड पक्का धर्मबुडवा आहे. उंचीला माझ्यापेक्षा चांगला वीतभर कमी. दोन्ही कडा जवळजवळ समांतर, तळाला चार फिन, आणि नाकाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. आई सांगलीहून आमच्याकडे सिडनीला आली होती, तेव्हा तिने तो गॅरेजमध्ये पाहिला, किंमत विचारली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. रात्री जेवताना हळूच म्हणाली, "अरे, उरलेली अर्धी नंतर पाठवणार आहेत का?"

सिडनीतला मराठी माणूस पश्चिमेला राहतो. वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, पॅरामॅटा. तिथे मेतकूट मिळतं, भाजणी मिळते, गौरीचे मुखवटेसुद्धा मिळतात. फक्त समुद्र मिळत नाही. त्यासाठी पहाटे उठून पार पूर्वेला नॅराबीनपर्यंत गाडी हाणावी लागते. पूर्वी माझा लांब बोर्ड गाडीच्या टपावर बांधलेला असायचा आणि पट्ट्यांच्या फडफडण्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाला माझ्या नादाची खबर पहाटेच मिळायची. आताचा बोर्ड डिकीत, तांदळाच्या पोत्याशेजारी बसतो. या एका मुद्द्यावर बायकोने त्याला घरात आश्रय दिला आहे. लाटेवर तो कसा चालतो याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

पार्किंगमधल्या मंडळींना मात्र भलतंच देणंघेणं होतं. बोर्ड काखेत मारून मी निघालो, तर व्हॅनच्या मागच्या दारात चहा पीत बसलेल्या एका प्लंबरने विचारलं, "शार्कने उरलेला भाग परत दिला नाही का रे?" सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तिथे रोज नऊ फुटी बोर्ड घेऊन येतात. त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसती मान हलवली. प्लंबर परवडला.

यातली गंमत अशी, की ज्या तीन फिनांच्या नावाने ही मंडळी आज शपथा घेतात, त्या आल्या याच नॅराबीनमधून. सायमन अँडरसन इथलाच. धिप्पाड अंगाचा माणूस. त्या काळी सगळे दोन फिनांच्या बोर्डांमागे लागले होते आणि ते त्याच्या वजनाखाली निसटायचे. १९८० साली त्याने एका दोन फिनवाल्या बोर्डावर मागे एक छोटी तिसरी फिन बसवलेली पाहिली, घरी जाऊन तिन्ही फिन सारख्या आकाराच्या केल्या आणि बोर्डाचं नाव ठेवलं थ्रस्टर. लोकांनी नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या ईस्टरला, बेल्स बीचवर राक्षसी लाटा आल्या आणि अँडरसन थ्रस्टरवर तिथली स्पर्धा जिंकला. त्याने पेटंट घेतलं नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत जगभर तीन फिन झाल्या आणि कालचा पाखंडी आजचा शंकराचार्य झाला. त्याच गावच्या पार्किंगमध्ये मला चौथ्या फिनबद्दल टोमणे ऐकावे लागतात.

आखूड बोर्डांचा वंशवृक्ष काढायला बसलं, की आणखी एक मजेदार गोष्ट ध्यानात येते. या भानगडींच्या मुळाशी पुष्कळदा उभं राहणारा माणूस नसतोच. गुडघ्यांवर बसणारा असतो. नीबोर्डवाले म्हणजे सर्फिंगमधले शेवटच्या पंगतीचे लोक. गुडघे टेकून लाटेवर जाणाऱ्याकडे उभा राहणारा बघतसुद्धा नाही. पण नीबोर्डवाल्याच्या पायात फ्लिपर असतात. लाटेत शिरायला लागणारा वेग तो पाय मारून मिळवतो, त्यामुळे त्याला बोर्डाच्या लांबीची गरज नसते. आणि कुणी बघतच नसल्यामुळे दिसण्याचीही फिकीर नसते. १९६७ साली सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस नावाच्या पोराने गुडघ्यांवर बसण्यासाठीच माशाच्या शेपटीचा, दोन फिनांचा बुटका बोर्ड केला. तोच 'फिश'. कॅलिफोर्नियाचा जॉर्ज ग्रीनो हाही गुडघ्यांवर बसणारा. त्याची वळणं बघून ऑस्ट्रेलियातल्या उभ्या मंडळींची झोप उडाली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस दोनेक वर्षांत बोर्ड नऊ-दहा फुटांवरून सात फुटांच्या आसपास आले.

आता लोकांनी फिश आनंदाने स्वीकारला असेल असं वाटतं ना? १९७२ ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोतच झाली. हवाईचा जिमी ब्लेअर्स फिशवर जिंकला, डेव्हिड नुहिवा दुसरा आला. त्या नुहिवाचा फिश चोरीला गेला होता आणि ओशन बीचच्या धक्क्यावर टांगलेला सापडला. चिडले होते ते गावातले फिशवालेच. आमचा बोर्ड बाहेरच्यांनी वापरायचाच कसा, ही तक्रार! म्हणजे जुन्याचे भक्त नव्याला शिव्या देतात आणि नव्याचे भक्त नव्याने आलेल्यांना. पाण्यात मोकळं मन शोधायला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग हवाईचा रेनो अबेलिरा १९७६ मध्ये तसलाच एक बुटका फिश घेऊन ऑस्ट्रेलियात आला. न्यूकॅसलच्या मार्क रिचर्ड्सने तो पाहिला, त्यावरून स्वतःचा दोन फिनांचा बोर्ड घडवला आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार जगज्जेतेपदं मारली. पण विचित्र बोर्ड काढला की विजय ठेवलेलाच, असंही समजू नका. शेन होरन हा त्याच काळातला अफाट गुणी पोरगा. त्याचा बोर्ड टोकाला अरुंद, मागे भलता रुंद आणि खाली एकच फिन. सगळं जग तीन फिनांवर गेलं तरी हा गडी एकीवर अडून बसला. पुढे बेन लेक्सननेही त्याच्यासाठी पंखवाली फिन काढून दिली. हा तोच लेक्सन, ज्याच्या पंखवाल्या कीलच्या बोटीने १९८३ मध्ये अमेरिकेकडून १३२ वर्षांनी अमेरिकाज कप हिसकावला. बोटीला जमलं ते बोर्डाला जमलं नाही. होरन जागतिक क्रमवारीत चार वेळा दुसरा आला, पहिला एकदाही नाही. मला रिचर्ड्सपेक्षा होरन जास्त आवडतो, पण ही माझी खोड आहे.

माझ्या बोर्डाचं नाक कुणी कापलं, हेही सांगायला हवं. बॉब सिमन्स नावाचा एक कॅलिफोर्नियाचा गणिती डोक्याचा माणूस होता. १९४६ मध्ये लिंडसे लॉर्डचं वेगवान बोटींच्या तळाविषयीचं पुस्तक निघालं. त्यातल्या कल्पना सिमन्सने आपल्या बोर्डांत उतरवल्या. वयाच्या ३५ व्या वर्षी, १९५४ साली, तो विंडनसीला लाटांत बुडाला. त्याचे बोर्ड लांबच होते. पण त्याच्या विचारांना आखूड करून २००६ च्या सुमारास सॅन डिएगोत 'मिनी सिमन्स' निघाला, आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या लेनॉक्स हेडच्या डॅनियल थॉमसनने तर नाक पुरतं उडवून टाकलं. सगळे त्याला टोमो म्हणतात. टोमोचे वडीलही नीबोर्डवाले. गुडघ्यांची परंपरा घरातच!

टोमोचं म्हणणं सरळ आहे. बोर्ड वेगात आला की पाण्यावर घसरू लागतो आणि पुढचा भाग हवेतच असतो. मग ते टोकदार नाक कशासाठी वाहायचं? वळताना उगाच जड लागणार. ते कापा, कडा समांतर ठेवा, म्हणजे पाण्याला टेकणारा पृष्ठभाग तेवढाच राहून लांबी घटते. आखूड बोर्ड लाटेच्या पोकळीत नीट मावतो आणि मागचे खाचखळगे पाण्याला वाट काढून देतात. २०१६ मध्ये स्नॅपर रॉक्सच्या स्पर्धेत स्टू केनेडी हा लेनॉक्सचाच गडी टोमोचा बोथट बोर्ड घेऊन थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. जगज्जेता केली स्लेटरसुद्धा टोमोचे बोर्ड वापरू लागला. त्यानंतर पार्किंगमधले टोमणे निम्म्यावर आले.

पण पाठ्यपुस्तकात 'वेगात आला की' हे तीन शब्द फार सहज येतात. वेगात येईपर्यंत काय होतं ते ऐका. माझ्या बोर्डाचं आकारमान तीस लिटरच्या आत. आर्किमिडीजच्या हिशोबाने तो तिसेक किलो पेलणार, माझं वजन त्याच्या अडीचपटीच्या पुढे. त्यामुळे लाटेची वाट बघत त्यावर बसलो की बोर्ड दिसतच नाही. पाणी बरगड्यांपर्यंत येतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एक मध्यमवयीन मराठी गृहस्थ ऑफशोअर वाऱ्यात काहीतरी आठवत पाण्यात उभे आहेत. जीवरक्षकाने एकदा लांबून अंगठा दाखवून मी ठीक आहे ना, हे विचारलं होतं.

मग लाट येते. पोटावर आडवं पडून हात मारायचे. छातीपुढे बोर्ड संपलेला असल्यामुळे हनुवटी थेट पाण्यात. उभं राहताना जुन्या सवयीने नजर नाकाकडे जाते, आणि तिथे नाक नसतं. मागचा पाय पार शेवटी, फिनांच्या डोक्यावर पडला पाहिजे. दोन बोटं पुढे पडला तर बोर्ड वळायचं नाव घेत नाही, सरळ किनाऱ्याला नेऊन सोडतो. वारं समुद्राकडून आलं आणि पाणी खडबडीत झालं की रुंद तोंड फटाफट आपटतं. लाट उभी आणि मोठी असली तर रुंद शेपटी धरून राहत नाही, आडवी सरकते. पण सिडनीच्या उन्हाळ्यातल्या, ईशान्येच्या वाऱ्याने मरगळलेल्या, कमरेएवढ्या लाटा! जिथे टोकदार बोर्डवाले उड्या मारमारून वेग गोळा करत असतात, तिथे ही फळी उभं राहिल्याबरोबर पळत सुटते. पहिल्यांदा ती अशी पळाली तेव्हा मी तिच्याबरोबर नव्हतो.

सर्फरांच्या साक्षीला मात्र कोर्टात किंमत मिळणार नाही. पार्किंगमधल्या त्याच प्लंबरने पुढे स्वतःच बोथट बोर्ड घेतला. पहिल्या दिवशी पाण्याबाहेर आला तो डोळे विस्फारून: "जादू आहे रे, जादू!" महिन्याभराने सूर बदलला: बोर्ड ठीक, फिन बदलायला पाहिजेत. फिन बदलल्या. मग दोन इंच लांब घ्यायला हवा होता असं निघालं. मग 'फारसा न वापरलेला' म्हणून तो विकायला काढला आणि पहिल्यासारखाच दुसरा आणला. पहिल्या दिवशी लाटा कशा होत्या आणि नंतर कशा, हे कुणी धरतच नाही. टेनिसची रॅकेट त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा तपासता येते. तीच लाट पुन्हा मागवता येत नाही. म्हणून चांगला दिवस नव्या बोर्डाच्या खात्यात जमा होतो आणि वाईट दिवस भरती-ओहोटीच्या. आपल्या गुडघ्यांच्या खात्यात कुणीच काही टाकत नाही.

तरीही माझं मत विचाराल तर घ्या. रोजच्या लहान, ढिल्या लाटांसाठी याच्याइतका कामाचा बोर्ड नाही. मोठ्या दिवसांसाठी टोकवाला राहू द्या. नवशिक्यांनी वर्षभर तरी लांबच वापरावा. आणि दुकानात गेलात की बोर्डाचे लिटर ठरवण्यासाठी वजन विचारतील. तेव्हा या आठवड्यातलं सांगा, लग्नातलं नको. सगळा हिशोब त्या एका आकड्यावर आहे, आणि दुकानदाराला खोटं सांगता येतं, पाण्याला नाही. ते लगेच बरगड्यांपर्यंत येतं.