आता इथे क्लिक केलं की…

मडकं घेणारं गिऱ्हाईक आधी ते उलटंसुलटं करून बघतं, मग बोटाच्या पेराने वाजवतं. खणखणीत वाजलं तर पैसे मोजायचे, बद्द वाजलं तर पुढचं मडकं उचलायचं. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या नावातच कुंभार आहे. तिथे हे कुणाला शिकवावं लागू नये. पण याच शिवारातल्या मोसंबी-कपाशीच्या भल्यासाठी शहरातल्या पोरांनी केलेलं ॲप तंत्रज्ञान परिषदेच्या मंचावर येतं, तेव्हा वाजवून बघायचं काम विकणाराच स्वतःकडे घेतो. आणि वाजवतो तेही कुठे, तर तडा नाही याची खात्री आहे तिथेच. या प्राण्याला आपण डेमोवीर म्हणू.

डेमोवीर तिघांचा मिळून एक होतो. एक बोलतो, दुसरा माउस धरतो, तिसरा शेवटच्या रांगेत बसून सर्व्हरला सांभाळतो, म्हणजे देवाचं नाव घेतो. तिघांच्या अंगात कंपनीचा एकसारखा टीशर्ट, डोळ्यांत रात्रभराचं जागरण, आणि आयोजकांच्या वायफायवर भरवसा नाही म्हणून खिशात आपापला हॉटस्पॉट. बोलणाऱ्याचं लाडकं वाक्य ‘आता इथे क्लिक केलं की…’. त्या तीन टिंबांत पडद्यावर जे चक्र फिरू लागतं, ते थांबेपर्यंत ‘नेट जरा स्लो आहे’ हे तो तीन भाषांत सांगतो. पडद्यावरच्या शेतकऱ्याचं नाव रामभाऊ, मोबाइल नंबर दहा वेळा नऊ. रामभाऊंचं रान चौकोनी, सातबारा एकट्याच्या नावावर, मोटारीला वीज भरदिवसा. इंग्रजी बटणं ते न अडखळता दाबतात. त्यांनी पानाचा फोटो काढला की रोग झटक्यात ओळखला जातो. का नाही ओळखला जाणार, तालमीत तोच फोटो शंभरदा दाखवून झालेला असतो. असे रामभाऊ कुंभार पिंपळगावात निघालेच, तर त्यांना या ॲपची गरजच काय?

तरीही डेमोवीर खोटारडा आहे असं मला वाटत नाही. तो दाखवतो ते खरंच घडतं, फक्त त्याने झाडून ठेवलेल्या वाटेने गेलं तरच. ही खोड काही आपल्याच पोरांची नाही. 2007 साली स्टीव्ह जॉब्जने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा कोणत्या क्रमाने काय उघडायचं हे ठरलेलं होतं. क्रम चुकला तर फोन मान टाकायचा. 2010 मध्ये त्याच्याच मंचावर नेट अडलं, तेव्हा सभागृहात 570 वायफाय चालू आहेत, ते बंद करा, असं त्याला प्रेक्षकांना विनवावं लागलं. 1998 च्या एप्रिलमध्ये शिकागोत बिल गेट्ससमोर विंडोज 98 ला स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. लोक हसले, पण ते मडकं नेमकं कुठे बद्द वाजतं हे कळलं ते त्याच क्षणी, नाही का?

यावर कुणी म्हणेल, पाच मिनिटांत पोरांनी काय काय दाखवायचं? बरोबर आहे, निवड करावीच लागते. बियाण्यांसाठी नावाजलेल्या जालना जिल्ह्यात डेमो प्लॉटचं कौतुक नवं नाही, आणि तो प्लॉटही निवडलेलाच असतो: रस्त्याकडेचा, पाण्याचा, पाटी लावलेला. पण तिथे शेतकरी सरीत उतरतो, बोंडं मोजतो, पान उलटून मावा बघतो आणि खत किती टाकलं ते खोदून विचारतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्टने दीड तासात माउसपासून व्हिडिओवरच्या संभाषणापर्यंत सगळं दाखवलं. तीही तालीम केलेलीच गोष्ट होती, आणि पुढचं जग तिच्यातून निघालं. खरं आहे. पण यंत्र दूर मेन्लो पार्कला आहे हे त्याने लपवलं नाही. तिथले साथीदारच पडद्यावर आणले. भट्टीसकट मडकं दाखवणारा कुंभार तो.

आपल्या डेमोवीराला एवढंच विचारावं: रामभाऊंची रेंज गेली तर काय दिसतं? वाटणीच्या रानात चार भावांची नावं कशी भरायची? जरा मागे जाऊन ते दुसरं बटण दाबता का? माउसवाला बोलणाऱ्याकडे बघतो, बोलणारा शेवटच्या रांगेकडे, आणि सूत्रसंचालक जाहीर करतात की प्रश्नोत्तरांची वेळ संपली, बाहेर चहा तयार आहे.