एका ओळीच्या ठरावास

एका ओळीच्या ठरावा,

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. ती मी पाळणार नाही. तुझ्यावर माझं प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तू आजवर काही केलेलं नाहीस. पत्र उघडं लिहितोय, कारण तू कायम पक्षाच्या निरीक्षकाच्या बंद पाकिटातून येतोस.

तुझा मजकूर मला पाठ आहे. ‘ही सभा असा ठराव करते की, प्रतिनिधी व पदाधिकारी निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत.’ खाली सूचक, अनुमोदक, आणि ‘एकमताने मंजूर’. तालुक्यात तू असतोस, जिल्ह्यात असतोस, मुंबईत असतोस, दिल्लीत असतोस. झेंडे बदलतात, तुझी शब्दरचना बदलत नाही.

आपली पहिली भेट तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात झाली. पक्षाचं नाव लिहीत नाही. ते बदलून दुसरं घातलं तरी पुढची हकिगत तशीच राहील. मी काकांबरोबर गेलो होतो. काका त्या पक्षात चाळीस वर्षं. सभेच्या सतरंज्या घालणारे तेच आणि सभा संपल्यावर झटकून घडी करणारेही तेच. त्या उन्हाळ्यात त्यांनी वाड्यावस्त्यांवर पायी फिरून सदस्य नोंदणीची चार पावती पुस्तकं संपवली होती. तालुक्यातून प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून निवडून जावं, एवढीच त्यांची इच्छा. नोटिशीत ‘निवडणूक’ असा शब्द होता. काकांनी धुवट सदरा घातला आणि दोन मिनिटं बोलायचं म्हणून वहीच्या कागदावर मुद्दे लिहून घेतले.

दारातच हजेरीची वही पुढे आली. मी शेजारी उभा राहून ती पाहिली. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता आणि सह्या खालच्या अर्ध्यात चालल्या होत्या. काकांनी चष्मा पुसून सावकाश पूर्ण नाव लिहिलं. निरीक्षक दीड तास उशिरा आले. हार झाले, शाल झाली. मग तू वाचला गेलास. कुणीतरी ‘अनुमोदन’ म्हणालं, टाळ्या पडल्या आणि मागच्या दाराने पोह्यांच्या बशा आल्या. पोहे चालू असताना एका माणसाने टेबलावर वही ओढून तुला त्या कोऱ्या अर्ध्या पानावर उतरवून घेतलं. काकांच्या सहीच्या बरोबर वर.

जे मत काकांनी दिलंच नव्हतं, ते त्यांच्या सहीने दिलं गेलं. परतीच्या एसटीत त्यांनी तो मुद्द्यांचा कागद काढला, तिकिटाबरोबर दुमडला आणि परत खिशात ठेवला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तुझ्याशी माझं भांडण तेव्हापासूनचं आहे.

पक्षांचे नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काँग्रेसची घटना वाचून बघ. बूथ, ब्लॉक, जिल्हा, प्रदेश अशी चढती शिडी आहे. ब्लॉकमागे एक प्रदेश प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडायचा. त्या प्रतिनिधींनी आपल्यातले एक-अष्टमांश अखिल भारतीय समितीवर पाठवायचे. पक्षाचा अध्यक्षही याच प्रदेश प्रतिनिधींच्या मतांनी ठरायचा, आणि उभं राहायला दहा प्रतिनिधींची सूचना पुरते. भाजपच्या घटनेत राष्ट्रीय अध्यक्षाचे मतदार राष्ट्रीय परिषदेचे आणि प्रदेश परिषदांचे सदस्य असतात. शिवसेनेच्या १९९९च्या घटनेत प्रतिनिधी सभा होती. कागदावर प्रत्येक शिडी जमिनीला टेकलेली आहे. तू तिच्या खालच्या पायऱ्या काढून नेतोस. मग वरचा माणूस खालच्यांना नेमतो, आणि त्याच नेमलेल्यांकडून स्वतःला निवडून घेतो. भाजपचा राष्ट्रीय अध्यक्ष आजवर बिनविरोधच आला आहे.

प्रतिनिधी कुणी व्हायचं, या प्रश्नावर या देशात आणि विशेषतः महाराष्ट्रात रक्त तापलेलं आहे. १९०७चं काँग्रेस अधिवेशन नागपूरला ठरलं होतं. नागपुरात टिळकांच्या माणसांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. तिथे मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि काँग्रेस फुटली. दुसऱ्या वर्षी जी घटना झाली, तिने मान्यताप्राप्त संस्थांनाच प्रतिनिधी पाठवता येतील असं ठरवून टिळकपक्षाला दार बंद केलं. तोपर्यंत जाहीर सभा भरवून प्रतिनिधी निवडता येत. ते दार पुन्हा उघडून टिळक १९१६मध्ये लखनौला आले. नियमातला एक शब्द लोकमान्यांनाही आठ वर्षं बाहेर ठेवू शकतो, हे आम्ही शाळेत नीट शिकलोच नाही. आम्हाला जोडा तेवढा सांगितला.

पुढे १९२०मध्ये त्याच नागपुरात गांधीजींनी नवी घटना करून घेतली. चार आणे वर्गणी भरणारा कुणीही सदस्य, भाषावार प्रांत, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी, साधारण ५० हजारांमागे एक. त्या अधिवेशनाला १४ हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते, नव्या घटनेने पुढच्या अधिवेशनांसाठी ही संख्या साधारण ६ हजारांवर आणली. या हिशेबात काँग्रेस वकिलांच्या दिवाणखान्यातून खेड्यात गेली. चार आण्यांच्या पावतीला तेव्हा वजन आलं. माझ्या काकांच्या पावती पुस्तकांचं मूळ तिथे आहे.

आणि तुझं मूळ कुठे आहे? मला विचारशील तर मी त्रिपुरीकडे बोट दाखवीन. जानेवारी १९३९मध्ये प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना १,५८० मतं देऊन अध्यक्ष केलं. पट्टाभि सीतारामय्या यांना १,३७७ मिळाली. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनात पंत ठराव मंजूर झाला: अध्यक्षांनी कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. एप्रिल संपण्याआधी सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मला गांधीजींबद्दल आदर आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण हजारो प्रतिनिधींनी मतपत्रिकेवर जे लिहिलं, ते एका ठरावाने पुसता येतं, हा धडा त्या दिवशी घालून दिला गेला. तू त्याच धड्यावर वाढलास.

तिरुपतीला १९९२मध्ये काँग्रेस कार्यसमितीची निवडणूक खरोखर झाली, मतं पडली. निवडून आलेल्यांत अर्जुनसिंह होते आणि आपले शरद पवारही होते. महिला, दलित, आदिवासी निवडून आले नाहीत, या कारणाने नरसिंह रावांनी राजीनामे घेतले आणि त्यांच्यातल्या काहींना परत नेमणुकीने आत घेतलं. कारण खरं होतं, पण राखीव जागा ठेवून फेरनिवडणूक घेता आली असती. निवडून आलेला माणूस नेमलेला झाला, की त्याच्या पाठीचा कणा कुणाच्या हातात जातो हे तुला सांगायला नको.

२०२२ची गोष्ट तर ताजी आहे. काँग्रेसने बावीस वर्षांनी अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं, त्याचं श्रेय मी देतो. ९,३८५ मतं पडली. खर्गे यांना ७,८९७, शशी थरूर यांना १,०७२, बाद ४१६. पण त्याआधी काय झालं? राज्याराज्यांतून तू पोहोचलास. प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे प्रतिनिधी नेमण्याचे अधिकार पक्षाध्यक्षांना. थरूर, मनीष तिवारी यांच्यासह पाच खासदारांना मतदारांची यादी बघायला मिळावी म्हणून पत्र लिहावं लागलं. ग्रामपंचायतीची मतदार यादी चावडीवर लागते. सोसायटीच्या निवडणुकीची यादी फलकावर लागते, आक्षेप मागवतात, मयतांची नावं कापतात. आणि देशाच्या सर्वांत जुन्या पक्षाच्या मतदारांची नावं बघायला पक्षाच्या कार्यालयात जायचं! पुढे २०२३मध्ये रायपूरला कार्यसमितीची निवडणूक टाळून सगळी नावं अध्यक्षांवर सोपवली गेली. तिथेही तूच.

तुझे पाठीराखे सांगतात की निवडणूक घेतली की गट पडतात, पैसा चालतो, बोगस सदस्य नोंदले जातात. बोगस नोंदणी मी डोळ्यांनी पाहिली आहे, एकाच हाताने भरलेल्या शेकडो पावत्या पाहिल्या आहेत. तो रोग खरा आहे. पण बोगस मतदार सापडले म्हणून विधानसभेच्या निवडणुका बंद करून राज्यपालांनी आमदार नेमावेत, असं कुणी म्हणतं का? यादी लावा, हरकती घ्या, नावं कापा. काँग्रेसने युवक संघटनेच्या निवडणुकांवर देखरेखीला माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची संस्था आणली होती. २०१४मध्ये लोकसभेच्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतांनी निवडले, आपल्याकडे वर्धा आणि लातूर. ते उमेदवार पडले. त्या लाटेत नेमलेलेही पडले, काँग्रेसच्या महाराष्ट्रात दोनच जागा आल्या. पण पराभवाचं खापर प्रयोगावर फोडून तो गुंडाळला, आणि तू पुन्हा आलास.

आता तुझ्या सगळ्यात मोठ्या अपराधाकडे येतो. १९६९मध्ये काँग्रेस फुटली, तेव्हा खरी काँग्रेस कोणती हे ठरवताना निवडणूक आयोगाने खासदार-आमदारांबरोबर अखिल भारतीय समितीचे सदस्यही मोजले. सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये सादिक अली प्रकरणात ती कसोटी उचलून धरली. म्हणजे प्रतिनिधी मोजता येत होते आणि त्यांच्या मोजणीला किंमत होती. आता १७ फेब्रुवारी २०२३चा आयोगाचा आदेश घे. शिवसेना फुटलेली. दोन्ही बाजूंनी कागदांचे ढीग दिलेले. गल्लीबोळातल्या शाखांतल्या माणसांनी मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्रं लिहून दिली होती. आयोग काय म्हणाला? २०१८ची घटना आमच्या दप्तरी नाही, तिच्यात पदाधिकारी निवडणुकीविना नेमण्याची सोय आहे, तिच्यावरून संघटनेतलं बहुमत ठरवता येत नाही. मग उरलं विधिमंडळ. ५५ पैकी ४० आमदार एका बाजूला, धनुष्यबाण तिकडे. राष्ट्रवादीच्या फुटीवरचा आयोगाचा ६ फेब्रुवारी २०२४चा आदेशही आमदारांच्या संख्येवरच गेला.

कोण बरोबर, कोण गद्दार, हा वाद मी इथे काढत नाही. तो न्यायालयात आहे. मला दिसतो तो प्रतिज्ञापत्र करायला रोजगार बुडवून तहसीलला गेलेला माणूस. तो कोणत्याही गटाचा असो. त्याचं मत मोजायची वेळ आली, तेव्हा मोजता येईल असा कागद नव्हता, कारण आयुष्यभर त्याच्या नावाने तू मंजूर होत आलास. आमदार मोजले गेले कारण आमदाराला मतपेटीतून यावं लागतं. कार्यकर्ता टाळीतून आला होता. टाळीची पावती नसते.

कायदाही तुला आडवा येत नाही. १९८९मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९-क कलम आलं. लोकशाहीवर निष्ठा आहे असं पक्षाने लिहून द्यायचं, पण पक्षाच्या आत निवडणूक घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. विधी आयोगाने १९९९मध्ये आपल्या १७०व्या अहवालात असं बंधन घाला म्हणून सांगितलं. २०१३मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीचा अधिकार लागू केला. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्या दिवशी तुझ्यासारखे एका ओळीत उभे राहिले.

तरीही तू अमर आहेस असं मी मानत नाही. १९६४मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या डेमोक्रॅटिक पक्षाने अधिवेशनासाठी फक्त गोरे प्रतिनिधी निवडले होते. तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांनी, शिक्षकांनी स्वतःच्या सभा घेऊन स्वतःचे ६८ प्रतिनिधी निवडले आणि बस करून अटलांटिक सिटी गाठली. फॅनी लू हॅमर ही कापूस वेचणारी बाई प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या समितीसमोर बसली आणि मतदार नोंदणीला गेल्याबद्दल घर कसं गेलं, तुरुंगात मार कसा खाल्ला हे सांगितलं. तिचं बोलणं दूरचित्रवाणीवरून जाऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेतली. दोन जागा घ्या आणि गप्प बसा, अशी तडजोड पुढे आली. त्यांनी ती नाकारली. चार वर्षांनी मिसिसिपीचं मिश्र प्रतिनिधी मंडळ अधिवेशनात बसलं, त्यात हॅमरबाई होत्या. त्यानंतर त्या पक्षाचे प्रतिनिधी निवडीचे नियमच नव्याने लिहिले गेले. नेत्यांनी १९८२मध्ये स्वतःसाठी राखीव मतं परत आणली, आणि कार्यकर्त्यांनी २०१८मध्ये भांडून पहिल्या फेरीतून ती काढायला लावली. तिथेही भांडण संपलेलं नाही.

काका आता नाहीत. त्यांच्या ट्रंकेत त्या चार पुस्तकांच्या स्थळप्रती सापडल्या. प्रत्येक पावतीवर नाव, गाव, रक्कम आणि काकांची तीच सावकाश केलेली सही. मी त्यातली काही नावं शोधून काढली. ज्या माणसांना भेटलो, त्यांना आपण सदस्य होतो हे आठवत होतं. कुणीतरी आपलं मत विचारायला येईल असंही त्यांना तेव्हा वाटलं होतं.

येत्या महिन्यात तालुक्याची बैठक आहे. नोटीस आली आहे, तिच्यात परत तोच ‘निवडणूक’ शब्द आहे. मी आणि आणखी अकरा जण जाणार आहोत. आम्ही सदस्य यादीची प्रत लेखी मागितली आहे आणि अर्जावर पोच घेतली आहे. दारात वही आली तर आधी ठराव लिहा, वाचा, मग सही, असं सांगणार आहोत. तुला वाचलं की मी हात वर करून ‘विरोध’ म्हणणार, आणि माझा विरोध इतिवृत्तात नावासकट लिहून झाल्याखेरीज खाली बसणार नाही. पोहे थंड झाले तरी चालतील.

तुझा विरोधक,
एक वर्गणीदार सदस्य