कायमस्वरूपी हंगामी

थायलंडमध्ये वर्षानुवर्षे राहणारा, पण कागदोपत्री नुकताच आलेला परदेशी माणूस हा कायमस्वरूपी हंगामी पर्यटक होय. नोकरीचा परवाना त्याच्याजवळ नसतो आणि तिथल्या कोणाशी त्याचे लग्नही झालेले नसते. भाड्याची खोली, जुनी स्कूटर, कोपऱ्यावरची ठरलेली नूडलवाली आणि पासपोर्टातला एक शिक्का एवढाच त्याचा संसार, आणि पहिल्या तिन्ही गोष्टी शिक्क्याच्या मेहेरबानीवर चालतात. चिआंग माई, पट्टाया, फुकेत आणि को फंगान या ठिकाणी तो विपुल आढळतो. मूळचा तो ब्रिटिश, जर्मन, रशियन, ऑस्ट्रेलियन असा कोणीही असतो. अलीकडे त्यात भारतीयही दिसू लागले आहेत.

थायलंडच्या राजांची नावे त्याला सांगता येत नाहीत, पण व्हिसाच्या नियमांचा इतिहास तो झोपेतही सांगतो. या इतिहासाचे सत्ययुग ऑक्टोबर २००६ मध्ये संपले. त्याआधी तीस दिवसांचा शिक्का घ्यायचा, तिसाव्या दिवशी सीमा ओलांडायची, चहा पिऊन परत यायचे आणि पुन्हा तीस दिवस घ्यायचे, असे दहा दहा वर्षे चालत असे. २००६ मध्ये सहा महिन्यांत नव्वदच दिवस राहता येईल असा नियम आला. तो दोन वर्षांनी गेला; मात्र त्याच सुमारास, २००८ च्या नोव्हेंबरात, जमिनीवरून येणाऱ्याला तीसऐवजी पंधराच दिवस मिळू लागले. २०१४ मध्ये नुसते बाहेर जाऊन आत येणाऱ्यांना सीमेवर अडवायला सुरुवात झाली. २०१६ च्या शेवटच्या दिवशी व्हिसाशिवाय जमिनीवरून वर्षात दोनदाच येता येईल असे ठरले. मग १५ जुलै २०२४ रोजी सरकारनेच उदार होऊन ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय साठ दिवस दिले. जुना खेळाडू प्रत्येक नियमाच्या वेळी ‘आता संपलं सगळं’ असे जाहीर करतो आणि पुढच्या महिन्यात त्याच खोलीचे भाडे भरतो.

त्याचे वर्ष शिक्क्यापासून सुरू होते. आज कोणता वार आहे हे त्याला ठाऊक नसते, पण कितवा दिवस आहे हे पक्के ठाऊक असते. थायलंडमध्ये आगमनाचा दिवस पहिला धरतात; त्यामुळे रात्री अकरा पन्नासला विमानतळावर शिक्का बसला तर दहा मिनिटांत एक दिवस खर्ची पडतो. हे पहिल्याच मुक्कामात कळल्यापासून तो रात्रीच्या विमानाने येत नाही. मुदत संपत आली की तो इमिग्रेशन कचेरीत टीएम सात क्रमांकाचा अर्ज, एक फोटो आणि १,९०० बाथ देऊन तीस दिवसांची वाढ घेतो. त्यासाठी तो सकाळी साडेसातला रांगेत हजर असतो, लांब पँट घालतो, बुटांना लेस बांधतो. लंडनमध्ये कचेरीची वेळ पाळायला नको म्हणून देश सोडलेल्या या माणसाइतक्या निष्ठेने सरकारी वेळापत्रक पाळणारा प्राणी खुद्द त्या कचेरीतही सापडणार नाही. वाढीव तीस दिवसही सरतात. मग सीमा येते.

सीमेचा दिवस हा या जमातीचा मुख्य सण. मिनीव्हॅन पहाटे निघते. ही वाहतूक करणाऱ्या खास कंपन्या आहेत आणि त्यांच्या दरात गाडी, पाणी, अर्जाचे कागद आणि कधी कधी दुपारचा भातही येतो. आत बारा माणसे बसलेली असतात आणि कोणी कोणाला नाव विचारत नाही, ‘कितवी?’ एवढेच विचारतात. नवखा ‘पहिलीच’ म्हणाला की उरलेले अकरा जण त्याला एकाच वेळी अकरा वेगवेगळे सल्ले देतात. अधिकाऱ्याकडे बघून हसायचे की नाही, यावर तर सीमा येईपर्यंत एकमत होत नाही.

चिआंग माईहून मे साय चार तासांवर आहे. तिथे एक लहानशी नदी, तिच्यावर पूल आणि पलीकडे म्यानमारचे ताचिलेक. हा रस्ता सुरळीत होता त्या काळी पलीकडचा अधिकारी पाचशे बाथ किंवा दहा डॉलर घेई, पासपोर्ट ठेवून घेई आणि दिवसापुरता एक कागद देई. दहा डॉलरची नोट घडी न पडलेली, कोरी लागे. त्यामुळे एरवी चुरगळलेला शर्ट घालून हिंडणारा हा माणूस ती नोट जाड पुस्तकात दाबून महिनाभर जपत असे. पलीकडच्या बाजारात वीस मिनिटे, एक छत्री, स्वस्त सिगारेटचे एक खोके, आणि परत. अशा माणसाने म्यानमारला तीस-चाळीस वेळा भेट दिलेली असते आणि पुलापासून दोनशे मीटरपलीकडचा म्यानमार पाहिलेला नसतो. दक्षिणेतल्या मंडळींसाठी रानोंगहून होडीने कॉथाँगला जायची सोय होती. त्या वाटेवर पाऊस लागला तर पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणि मालक भिजत, असा क्रम असे.

बँकॉक-पट्टायाकडच्यांचे तीर्थ पॉइपेट होते. तिथे थायलंड आणि कंबोडिया यांच्या तपासणी नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात कॅसिनो उभे आहेत. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला, पण कंबोडियाच्या नाक्यापर्यंत न पोचलेला माणूस तिथे पत्त्यांच्या टेबलाशी दिसे. व्हिसाचे पैसे तिथेच घालवून गाडीतल्या सोबत्यांकडे उसने मागणारा एकजण प्रत्येक फेरीत निघतोच, असे जाणकार सांगत. २०२५ मध्ये दोन्ही देशांत लढाई जुंपली आणि ही वाट बंद झाली. जमातीत या युद्धाची चर्चा पुष्कळ झाली. ती मुख्यतः लाओसकडच्या मिनीव्हॅनचे दर वाढतील का, या अंगाने झाली.

संध्याकाळी गाडी परत येते. ताज्या शिक्क्यानुसार तो या देशात आजच पर्यटनासाठी उतरलेला असतो. देवळे पाहण्याऐवजी तो घरी येऊन टाकीत पाणी आहे का ते पाहतो आणि शेजारणीकडून मांजर परत आणतो.

नुसत्या शिक्क्याने भागेनासे झाले की वकिलातीचा रीतसर व्हिसा आणावा लागतो. त्यासाठी लाओसची राजधानी व्हिएन्तिआन हे पेठेचे गाव. गर्दी नको असलेले लाओसमधल्याच सावन्नाखेतला जातात. नोंग खायजवळ मेकाँगवर १९९४ मध्ये मैत्रीचा पूल झाला. तो ओलांडताना गाड्या डावीकडून उजवीकडे जातात, कारण लाओसमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. जाणाऱ्यांचे तिकडे लक्ष नसते. ते पासपोर्टाची कोरी पाने मोजत असतात. लाओसचा व्हिसा अख्खे पान खातो, थायलंडचा २०२५ पूर्वी दुसरे पान खाई. पानांच्या बाबतीत हा उदार माणूस कमालीचा कंजूष होतो. शिक्का पानाच्या मधोमध मारणाऱ्या अधिकाऱ्याला तो जन्मभर माफ करत नाही. आधीच्या शिक्क्याला चिकटून, कोपऱ्यात मारणाऱ्याला मनोमन आशीर्वाद देतो. अमेरिकन पासपोर्टात पूर्वी जादा पाने जोडून मिळत. २०१५ संपताना ती सोय बंद झाली, त्याचे सुतक काही जण अजून पाळतात.

अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याचे एक शास्त्र आहे. तो परतीचे तिकीट मागू शकतो, खर्चापुरते रोख पैसे दाखवायला सांगू शकतो. तिकिटाचा प्रश्न दोन दिवस टिकणारे आरक्षण भाड्याने देणाऱ्यांनी सोडवला आहे. एकेकाच्या नावावर मनिलाची आठ-दहा तिकिटे निघालेली असतात आणि त्याने मनिला पाहिलेले नसते. व्हिसावाल्याला वीस हजार बाथ दाखवावे लागतात. मित्रमंडळात ही रक्कम बहुधा एकच असते आणि ती ज्याची पाळी त्याच्या खिशात जाते. ‘इथे इतके दिवस काय करता?’ या प्रश्नाला ‘समुद्र’ हे उत्तर चालते, पण चिआंग माईला समुद्र नाही हे बोलण्याआधी आठवावे लागते. ‘काम’ हा शब्द तर कधीच उच्चारायचा नाही. परवान्याशिवाय काम करायला बंदी असल्यामुळे लॅपटॉपसमोर रोज नऊ तास बसणारा हा माणूस तिथे फक्त फोटो पाहत असतो.

काहींनी विद्यार्थी होऊन पाहिले. थाई भाषेच्या वर्गात नाव घातले की शिक्षणाचा व्हिसा मिळतो. चाळिशीतली, टक्कल पडलेली मुले वर्षानुवर्षे पहिलीत बसू लागल्यावर अधिकारी मुदतवाढीच्या वेळी थाईतून साधे प्रश्न विचारू लागले. अनेकांना तिथे फक्त बिलाची रक्कम विचारता आली.

मुदत चुकलीच तर दंड दिवसाला पाचशे बाथ, जास्तीत जास्त वीस हजार. म्हणजे चाळीस दिवसांनंतर दंड वाढत नाही. पूर्वी काही गणिती डोकी तेच स्वस्त पडते म्हणून खुशाल राहत. २०१६ च्या मार्चपासून नव्वद दिवसांहून अधिक चुकवलेल्याला स्वतःहून विमानतळावर गेला तरी वर्षभर प्रवेशबंदी होते आणि पोलिसांनी पकडले तर थोड्या दिवसांच्या चुकीलाही पाच वर्षांची. तेव्हापासून ही शाखा रोडावली आहे.

भारतीय उपजात नवीन आहे. नोव्हेंबर २०२३ पर्यंत भारतीयाला विमानतळावर दोन हजार बाथ भरून पंधराच दिवस मिळत. तेवढ्यात खोली भाड्याने घेण्याची हिंमत कोण करणार? मग तीस दिवस फुकट झाले, पुढे साठ. पुणे-मुंबईचा घरून काम करणारा संगणक अभियंता तेव्हापासून चिआंग माईच्या कॅफेत दिसतो. थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे असल्यामुळे पुण्यातली नऊची मीटिंग त्याला साडेदहाला पडते, आणि एवढ्या एका कारणासाठी तो त्या देशावर प्रेम करतो. लाओस आणि म्यानमार त्याच्याकडे व्हिसा मागतात, म्हणून त्याची सीमा मलेशियाची. डिसेंबर २०२३ पासून तिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही. जाण्यापूर्वी छत्तीसऐवजी साठ पानी पासपोर्ट काढतो तो खरा दूरदर्शी. घरी आई पहिल्या महिन्यात ‘फिरायला गेलाय’ सांगते, तिसऱ्यात ‘प्रोजेक्टवर आहे’, आणि पाचव्यात तिथे मुलगी पाहिली आहे का हे त्याच्या मित्राला हळूच विचारते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्राणी पाहायला बँकॉकला जायची गरज नाही. हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात त्याचे चुलत घराणे नांदते. तिथले घरमालक भाडेकरू आला की चोवीस तासांत त्याची सरकारकडे नोंद करतात आणि पावसाळ्याआधी त्याला निरोप देतात. भारताचा पर्यटक व्हिसा सहसा वाढवून मिळत नाही, त्यामुळे मुदत संपली की मंडळी काठमांडू किंवा कोलंबो गाठत. मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी केलेल्या डेव्हिड हेडलीच्या प्रकरणानंतर, २००९ च्या अखेरीस, भारताने दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. ते बहुतेक देशांपुरते २०१२ च्या डिसेंबरात उठले. मधल्या काळात दोन महिने काढायला नेपाळ सोयीचे होते, पण नेपाळही वर्षात दीडशेच दिवस देतो. इतक्या सुंदर देशात राहून दिवसच मोजत बसणे ही मात्र दोन्ही घराण्यांची समान परंपरा.

जुलै २०२४ मध्ये थायलंडने अशा लोकांसाठी डीटीव्ही नावाचा वेगळा व्हिसा काढला. तो पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवसांचा, शुल्क दहा हजार बाथ. दूरस्थ नोकरी, थाई मुष्टियुद्धाचा वर्ग, स्वयंपाकाचा वर्ग यांपैकी काहीही कारण चालते. फक्त पाच लाख बाथ जवळ असल्याचे दाखवावे लागते. ज्यांना दाखवता आले त्यांनी तो घेतला. उरलेले पन्नाशीची वाट पाहतात. निवृत्तांना वर्षभर राहू देणाऱ्या परवानगीसाठी पन्नास वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बँकेत आठ लाख बाथ असावे लागतात. यांतली वयाची अट बहुतेकजण वेळेवर पूर्ण करतात.