मंडळीचे वडील आणि आभाळाची लक्षणे

मराठी प्रॉटेस्टंट समाजात चर्चच्या सभासदांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात, आणि पाळकाच्या जोडीने तिचा कारभार पाहण्यासाठी निवडलेल्या ज्येष्ठ सभासदांना 'वडील' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द पदवाचक असल्यामुळे वडिलांना मुलेबाळे असलीच पाहिजेत असे नाही. मते मात्र असावी लागतात. नियमाप्रमाणे त्यांनी वर्गणीचा हिशेब, प्रभुभोजनाची तयारी आणि आजाऱ्यांच्या भेटी एवढेच पाहायचे असते, परंतु जवळजवळ प्रत्येक मंडळीत एक तरी वडील असे आढळतात की ज्यांनी हवामान, म्हणी आणि इतरांची प्रकृती ही तीन खाती कोणी न सोपवताच स्वतःकडे घेतलेली असतात.

या वर्गाचा अस्सल नमुना पाहण्यासाठी अहमदनगरसारखे (आताचे अहिल्यानगर) दुसरे ठिकाण नाही. 1831 मध्ये येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, 1842 मध्ये येथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रवाचन झालेल्या या गावात रविवारची भक्ती, म्हणजे सामुदायिक उपासना, आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जो दुसरा, अनौपचारिक उपदेश सुरू होतो, तो पहिल्यापेक्षा लांबतो. त्याचा विषय बहुधा पाऊस हा असतो.

वडिलांचे हवामानशास्त्र पूर्णतः शास्त्राधारित, म्हणजे पवित्र शास्त्रावर आधारलेले असते. पश्चिमेकडून ढग चढला की पाऊस आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा, हे येशूच्या श्रोत्यांचे ठोकताळे लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आले आहेत आणि ते त्या देशी खरेही ठरत, कारण पॅलेस्टाईनच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र आहे व दक्षिणेला वाळवंट. नगरच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक ऐवज घाटमाथ्यावर रिता करून इकडे येतात, म्हणून हा मुलूख पर्जन्यछायेचा, अर्थात डोंगराआड राहिल्यामुळे पावसाला मुकणारा ठरतो. त्याला खरा हात देतो तो सप्टेंबरातला व परतीचा पाऊस, आणि तो पुष्कळदा पूर्वेकडून गडगडत येतो. त्यामुळे जून-जुलैत पश्चिमेचा ढग पाहून वडील पाऊस जाहीर करतात तेव्हा तो येत नाही, आणि सप्टेंबरात पूर्वेकडे पाठ करून ते उघडीप जाहीर करतात तेव्हा मंडळी भिजते. बायबलचा अनुवाद मराठीत झाला, आभाळाचा राहून गेला, ही गोष्ट वडिलांच्या ध्यानात आलेली नाही.

अनुवादानेही त्यांच्या अडचणीत थोडी भरच घातली आहे. पॅलेस्टाईनात पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, पहिला पाऊस पडतो आणि कापणीआधी मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा. मराठी बायबलने या दोहोंसाठी 'आगोटीचा' व 'वळवाचा' असे सुंदर देशी शब्द योजले. मात्र महाराष्ट्रात वळीव, म्हणजे उन्हाळ्यातला गडगडाटी पाऊस, एप्रिल-मेमध्ये कोसळतो आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याचा प्रारंभ, त्यानंतर येते. शास्त्रात आगोट आधी व वळीव मागून असल्यामुळे दरवर्षी मे महिन्यात वडील मान हलवून 'क्रम बिघडला' असा अभिप्राय देतात आणि त्याचे कारण तरुणांच्या मोबाइलमध्ये शोधतात.

कर्मेल डोंगरावर एलीयाच्या चाकराने सातव्या खेपेस समुद्राकडे पाहिले तेव्हा त्याला माणसाच्या हाताएवढा ढग दिसला, ही कथा तर वडिलांनी उपकरण म्हणून वापरात आणली आहे. ते रस्त्याच्या कडेला उभे राहतात, एक डोळा मिटतात, उजवा तळवा आभाळासमोर उभा धरतात आणि ढग तळव्याबाहेर किती उरतो ते मोजतात. समोरून सायकलवर येणाऱ्याला वाटते की वडिलांनी हात केला. तो 'सलाम, वडील!' म्हणून निघून जातो (मराठी ख्रिस्ती समाजातील हे जुने अभिवादन), आणि त्या गडबडीत माप चुकते. प्रत्येक अंदाजाच्या शेवटी 'प्रभूची इच्छा असल्यास' हे याकोबाच्या पत्रातले कलम जोडलेले असल्यामुळे वडील आजवर एकदाही खोटे ठरलेले नाहीत. ही सवलत वेधशाळेला नाही.

म्हणींच्या खात्यातील त्यांचा व्यवहार अधिक धाडसी असतो. शलमोन राजाने तीन हजार म्हणी सांगितल्या असे राजांच्या पहिल्या ग्रंथात म्हटले आहे, आणि 'नीतिसूत्रे' या 31 अध्यायांच्या पुस्तकात तर सुमारे नऊशेच वचने आहेत. बाकीच्या दोन हजारांहून अधिक म्हणींचे काय झाले, या प्रश्नावर विद्वान गप्प असले तरी वडील नाहीत. 'अति तेथे माती' शलमोनाची, 'कर नाही त्याला डर कशाला' शलमोनाची, आणि लवकर निजण्या-उठण्याचे फळ सांगणारी, बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या पंचांगातून गाजवलेली म्हणसुद्धा शलमोनाचीच. एखाद्या शाळामास्तराने अध्याय व वचन विचारलेच, तर 'ती हरवलेल्यांपैकी आहे' हे उत्तर तयार असते, आणि ते खोडून काढणे तर्कशास्त्राला अवघड आहे. (मधाच्या अतिसेवनाविरुद्ध इशारा नीतिसूत्रांत खरोखरच आहे, तेवढा मात्र मधुमेह असलेल्या वडिलांना आठवत नाही.)

या पुस्तकाचे अध्याय 31 असल्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची शिस्त पुष्कळ घरांत पाळली जाते. शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे प्रख्यात वर्णन येते. 'अहो, बायकोची स्तुती वर्षातून सातच वेळा निघते,' असे वडिलांच्या पत्नीने एकदा ताटावर बसलेल्या पतीच्या निदर्शनास आणून दिले. वडिलांनी दिनदर्शिका काढून महिने मोजले, गणित बरोबर आहे असे सांगितले, आणि आमटी वाढायला सांगितली.

प्रकृतीच्या खात्याला मात्र शास्त्राचा रीतसर पाठिंबा आहे. कोणी आजारी असल्यास मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोब सांगतो. तेल कोणते हे तो सांगत नाही, ती उणीव वडिलांनी निलगिरीच्या तेलाने भरून काढली आहे. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिरांची चकती बांधायला लावली होती, या आधारावर मोसमात पुरंदरची अंजिरे आणि एरवी सुकी अंजिरे वडिलांच्या पिशवीत असतात, आणि गळू नसलेल्या रोग्यालाही ती खायला मिळतात. पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावा हा पौलाने तीमथ्याला दिलेला सल्ला तेवढा अवघड ठरला, कारण अमेरिकन मिशनऱ्यांच्या वळणाच्या घरांत दारूबंदी कडक. तो प्रश्न वडिलांनी द्राक्षासवाने सोडवला. आयुर्वेदातील आसव हे आंबवूनच तयार होते आणि त्यात मद्यार्क उतरतोच, ही माहिती त्यांना देण्याची कोणाची छाती नाही. जेवणानंतर दोन चमचे घेताना ते 'तीमथ्यासाठी' असे म्हणतात.

रोग्याच्या खाटेपाशी तिन्ही खाती एकत्र येतात.

'सलाम, बाई. ताप उतरला का?'

'उतरला, वडील. डॉक्टरांनी गोळी दिली.'

'उतरणारच. रात्री वारा फिरला.'

एवढे बोलून ते प्रार्थनेला उभे राहतात. तीत रोगी, त्याचे दूरचे नातलग, जिल्ह्यातील धरणे आणि कांद्याचा भाव यांचा उल्लेख होतो, आणि आमेन म्हणेपर्यंत समोरच्या चहावर साय धरते. ती बोटाने बाजूला सारून ते चहा पितात आणि पुढच्या घरी जातात. मंडळीतल्या तरुणांना हे हास्यास्पद वाटते, पण त्या घरांत त्या दिवशी आलेले पाहुणे पुष्कळदा ते एकटेच असतात.

एका नव्या पाळकांनी उपदेशक या पुस्तकातील, वाऱ्याचा रंग पाहत बसणाऱ्याची पेरणी होत नाही या अर्थाच्या वचनावर भर पावसाळ्यात प्रवचन केले, आणि मंडळीने माना वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिले. भक्ती सुटल्यावर वडिलांनी पाळकांचा हात हातात घेऊन 'पाळकसाहेब, विषय फार उत्तम घेतलात' असे मनापासून सांगितले, पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन ते थांबले, आणि पश्चिमेकडे तोंड करून त्यांनी तळवा वर केला. पाळकांना वाटले, वडील निरोप घेत आहेत. त्यांनीही हात वर केला.