पहिला नंबर, पण कितीपैकी?

ऑगस्ट 2018 मध्ये केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांची यादी काढली आणि 111 शहरांत पुणे पहिलं आलं. पुणेकरांना नवल एवढंच वाटलं, की त्यासाठी सरकारला 78 निकष लागले; इथे हा निकाल कोणत्याही निकषाविना केव्हाच लागलेला होता. कोलकात्याने यात भागच घेतला नव्हता, हा तपशील अर्थातच फ्लेक्सवर मावला नाही.

मार्च 2021 मध्ये पुढची यादी आली. दहा लाखांवरच्या शहरांत बंगळूर 66.70, पुणे 66.27. 0.43 गुणांनी आपण लगेच 'घसरलो'. मधल्या काळात मोजायची पट्टीच बदलली होती. नागरिकांच्या मताला आता 30 टक्के वजन होतं. पुणेकराला मत विचारायचं धाडस सरकारने केलं, हीच खरी बातमी. पण ठळक छापला गेला तो नंबर.

शाळांचं गणित तर याहून पक्कं. दहावीचा निकाल 100 टक्के! कच्च्या पोरांना आधीच 17 नंबरचा फॉर्म भरायला लावलेला असतो. ती बाहेरून परीक्षा देतात, शाळेच्या छेदातून अलगद निसटतात. अंश तेवढा फुलांच्या हारात उरतो.

बिल्डरची 'स्टेशनपासून दहा मिनिटं' कुठल्या वाहनाने आणि पहाटे किती वाजता, हेही विचारू नये. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात. अशा प्रश्नांची उत्तरं चोवीस तास.