श्रीमान बकासुरांना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान बकासुर,
मु. एकचक्रानगरी (हल्ली केळझर), ता. सेलू, जि. वर्धा



पत्रास कारण की, आपली कीव येते. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा हाकणारा माणूस, एवढीच आपली रोजची मागणी. तेवढ्यासाठी भीमाने आपला जीव घेतला. केळझरला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणाऱ्यांना ही कथा अजून ऐकायला मिळते. आपण घाई केलीत, महाराज. हल्ली गाडा पाठवावा लागत नाही. भक्ष्य हप्त्याची मजुरी खिशात घालून आपल्या पायांनी येते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे खाऊ देते.

आपला वारसा आता दारू आणि तंबाखू चालवतात. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, त्यांच्या जिल्ह्यात गुत्ता कसा शोभेल? म्हणून गुत्ता गेला, दारू राहिली. शेजारचा नागपूर जिल्हा ओला, त्यामुळे गाडीची डिकी पुरते. उरलेली गरज नाला भागवतो. मोहफुले, पाणी, सरपण आणि झुडपांचा आडोसा असला की भट्टी लागते. सणावाराआधी पोलीस 'वॉश आऊट' मोहीम काढतात, ड्रम उलथतात, सडवा मातीत ओततात, फोटो काढतात. आडोसा जिथल्या तिथे राहतो, मग ड्रमही परत येतो. तिकडे चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. नाल्यांना यातले काही कळवले गेले नसावे.

एकचक्रेच्या नागरिकांचे मला मात्र कौतुक वाटते. आपला बंदोबस्त करण्याऐवजी त्यांनी पाळी लावली! आज या घरचा, उद्या त्या घरचा. हे नियोजन आम्ही मोडलेले नाही. आज कुणाचा नवरा, उद्या कुणाचा पोरगा. शेजारी हळहळतात आणि आपली पाळी टळली म्हणून सुखाने झोपतात. पिणाऱ्याला आम्ही शिव्या देतो, शपथा घालतो, माळ घालायला लावतो. पण काम सुटल्यावर तो ज्या वाटेने घरी जातो, त्या वाटेवर काय काय लागते ते बघायला आमच्यातला कुणी जात नाही. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकू नये असा 2003 चा कायदा आहे. पानठेल्यापासून शाळेपर्यंत टेप धरणारा माणूस तेवढा नेमायचा राहिला.

आइसलँडवाले मात्र भलतेच खोडसाळ. 1998 मध्ये तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के पोरे महिन्यातून एकदा तरी झिंगत. 2016 पर्यंत हा आकडा 5 टक्क्यांवर आला. त्यांनी पोरांच्या खेळाची आणि गाण्याबजावण्याची सोय केली, त्यासाठी पैसे दिले, रात्री उशिरा बाहेर हिंडायला मनाई केली आणि आईबाप स्वतः रस्त्यावर गस्त घालू लागले. व्याख्यानांवर विसंबले नाहीत. आमच्या गडचिरोलीतही 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान गावागावांना स्वतःची दारू स्वतः बंद करायला शिकवते आहे. असल्या लोकांपासून आपल्या वारसांनी सावध राहावे.

सध्या तरी वारसांना अभय आहे. गावातल्या चोरट्या दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलांचा कायदा 2016 मध्ये झाला, पण कायदे वाचायची आम्हाला सवय नाही. धोका एकच आहे. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. नाल्याकाठची झुडपे कोण तोडणार, वाटेवरच्या खांबांवर दिवे कधी लागणार, संध्याकाळी पोरांसाठी मैदान कोण उघडणार, असे तीन प्रश्न बायांनी तिथे लेखी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत उठल्या नाहीत, तर वारसांची पंचाईत होईल. तेव्हा हे पत्र केळझरच्या बायांच्या हाती पडू देऊ नका.